गोटीची बाटली

बरोबर ओळखलंत, या बाटलीची मोड ताजीच आहे. ओढ्यात मोडलेली काच वेगळी असते — वाळू तिला वर्षानुवर्षं घासते, कडा बोथट होतात, धुरकट दिसते, बोट फिरवलं तरी कापत नाही. हिच्यावर फिरवू नका. म्हटलं ना, फिरवू नका — बघा, आलंच रक्त. तिथे नळ आहे, धुऊन या. काही नाही हो, पडली हातातून. म्हातारा माणूस, व्हायचंच असं. ती तुमच्या खोक्यात जायलाच नको होती, चुकून गेली. ठेवा बाजूला आणि बाकीचं बघा.

ही निळी घ्या हातात. अंगावर उभ्या रेघा लागतात? विषाची बाटली आहे. अंधारात कोणी औषध समजून पिऊ नये म्हणून हाताला कळेल अशीच करायचे — आहे की नाही डोकं? ही पाठीवर खुणा असलेली औषधाची, एक खूण सकाळी, एक संध्याकाळी. ही दौत. आणि हा चिमुकला हात दिसतो ना, चिनी मातीचा, तो बाहुलीचा. तो माझ्या मुलीला सापडला. मग काय विचारता — उरलेली बाहुली शोधायला तिनं मला दोन पावसाळे राबवलं. नाही मिळाली. पाय नाही, डोकं नाही, काही नाही. ती म्हणायची, बाबा, ती बाहुली पण आपला हात शोधत असेल.

ओढा? तो काय, घरामागची गल्ली संपली की उतार लागतो. त्या वळणावर कोणे एके काळी सगळं गाव कचरा टाकायचं. पूर ओसरला की काठ कापला जातो, आणि आत जे दडलेलं असतं ते तोंड वर काढतं. लोखंडी सळई घ्यायची, चिखलात खुपसायची आणि ऐकायचं. दगड टक् म्हणतो, पत्रा भद्द म्हणतो. काचेचा आवाज मला कधी नीट कळला नाही, खरं सांगतो — कान तिचा. सळई माझी, कान तिचा. तिची आई करवादायची — लोक मुलीला बागेत नेतात, आमचे हे उकिरड्यात नेतात. आम्ही दोघं गुडघाभर चिखल घेऊन दारात उभे, आणि ही हातात बादली घेऊन — आत पाऊल टाकाल तर खबरदार. मोठी झाली, नोकरीला लागली, तरी सुट्टीच्या दिवशी सकाळी माझ्या आधी चपला काढून काठावर हजर.

का विकतो म्हणजे — तुम्हाला माल हवाय की कारण? बरं, सांगतो. समोरच्या रस्त्यानं बस गेली की फळी हलते आणि बाटल्या किणकिणतात. जरासंच. पण पूर्वी ती घरी आली की पहिल्यांदा फळीपाशी यायची, एकेक हाताळायची, तसाच आवाज. आता बस जाते आणि तिची आई आतून येऊन दारात उभी राहते. फळीकडे बघते आणि परत जाते. दिवसातून किती बसा जातात, तुम्हीच बघितलंत आत्ता. मला माझं काही नाही हो, मी बसलो असतो बाटल्यांत मरेपर्यंत. पण हिला असं उठताना बघवत नाही. तुम्ही सगळं घेऊन जा.

कुठली? परत तीच? सांगितलं ना, पडली.

नाही पडली. हातोडीनं फोडली. मी.

ही सोड्याची बाटली. हिच्या मानेत काचेची गोटी असायची. तेव्हाची पोरं गोटीसाठी मान मोडायची, त्यामुळे ओढ्यात मिळतात त्या सगळ्या मुंडकं उडालेल्या. ही एकच अख्खी मिळाली — गोटीसकट, हलवली की आत वाजायची. पोर तेव्हा सात वर्षांची. म्हणाली, बाबा, फोड, मला गोटी दे. मी म्हटलं, वेडी आहेस का, ओढ्यानं अख्खी दिली ती अख्खीच ठेवायची. रडली, आदळआपट केली. शेवटी वैतागून मी म्हटलं — आपण म्हणतो ना पोरांना — मी मेलो की फोड. झालं. पुढे ती थट्टाच होऊन बसली. दर वाढदिवसाला सकाळी उठून माझ्या खोलीत डोकवायची — बाबा, आहेस का अजून? आहे बाई. बरं, मग थांबते. कॉलेजात गेली तरी तेच, पगार मिळवायला लागली तरी तेच. तिची आई दोघांवर चिडायची, असलं अभद्र बोलू नये म्हणून.

मग आजारपण आलं. ते नको. दवाखान्यात एका दुपारी मी तिचे पाय चेपत होतो, पाय कसले, काड्या राहिल्या होत्या. आणि ती माझ्याकडे बघून म्हणाली,

"बाबा, मी थांबणार होते रे."

मी घरी आलो. बाटली टॉवेलात गुंडाळली, मागच्या पायरीवर ठेवली आणि हातोडी मारली. एका घावात गेली मान. ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. गोटी हिनंच धुऊन दिली. परत दवाखान्यात गेलो, पोरीच्या तळहातावर ठेवली. तिनं डोळ्यांजवळ नेली, फिरवून फिरवून बघितली, आणि म्हणाली, "एवढीशीच?"

हसली हो. खरंच एवढीशी होती. काच जाड असते ना, आतली गोटी बाहेरून मोठी दिसते. तिला वाटलं होतं, केवढी असेल. मलाही तसंच वाटायचं. फोडल्याशिवाय कसं कळणार?

गोटी असेल तर मान चिकटवता येते म्हणता? चांगला कारागीर आहे का तुमच्याकडे? असेल, असेल. पण गोटी नाही माझ्याकडे. तिनं मूठ मिटली ती पुन्हा उघडली नाही. लोक म्हणाले, काढून घ्या. मी म्हटलं, राहू दे.

उचला आता खोकं. खालून हात घाला, तळ कच्चा आहे. आणि दार ओढून घ्या जाताना.