जंक्शनला गाडी उलटी होते

मुलगी : आणि पाय खाली घ्या आधी. माझ्या सीटवर आलेत ते.

ड्रायव्हर : कडेला टेकलेत नुसते. कड कुणाच्या मालकीची नसते.

मुलगी : काका, तिसऱ्यांदा विचारते. तुमच्या शेजारची खिडकी रिकामी आहे. जंक्शनपर्यंत बसू द्या.

ड्रायव्हर : मीही तिसऱ्यांदा सांगतो. रिकामी नाही. पिशवी आहे तिथे.

मुलगी : पिशवीला गाडी लागत नाही. मला लागते. उलटं बसलं की मला उलटी होते.

ड्रायव्हर : मग उलटी सीट घेतलीस कशाला? तिकीट काढताना डोळे मिटले होतेस?

मुलगी : मुद्दाम घेतली. जंक्शनला गाडी उलटी होते.

ड्रायव्हर : शुभ बोल की जरा! सकाळी सकाळी गाडी उलटी होते म्हणे.

मुलगी : तशी नाही हो. म्हणजे इंजिन...

ड्रायव्हर : तुला उलटी होते, आता गाडीलाही उलटी होते. जागा मिळावी म्हणून माणूस काय काय रचेल! एकतीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवलीय मी. पुढची सीट पाहिजे असली की प्रत्येकाला मळमळतं. कुणाला चक्कर येते, कुणाचा गुडघा धरतो. आणि सीट मिळाली की पहिल्या वळणाआधी घोरायला लागतात. तुझ्या शेजारी बघ, हे गृहस्थ तोंडावर पेपर टाकून पसरलेत. यांनीही कुणाला तरी गुडघा सांगितला असणार.

मुलगी : बस चालवायचात? तरीच.

ड्रायव्हर : तरीच काय?

मुलगी : ड्रायव्हरला गाडी कधी लागत नाही. चाक त्याच्या हातात असतं. मागच्यांचे हाल त्याला आरशात दिसतात, तेही त्यानं बघितलं तर.

ड्रायव्हर : उलट उत्तरं देऊ नकोस.

मुलगी : उलटी बसवलीत, उलटच बोलणार. आणि हात जोडते, ते संत्रं सोलू नका.

ड्रायव्हर : आता संत्र्यावरही तुझा हक्क? संत्र्यानं बरं वाटतं, वेडे. अर्धं घे, मळमळ थांबेल.

मुलगी : मला चालत नाही. त्याचा वास जिभेवर बसतो.

ड्रायव्हर : वास नाकात बसतो. जिभेवर चव बसते. शाळेत गेली होतीस ना?

मुलगी : चहाच्या कंपनीत आहे मी. खाली, पेट्या भरण्याच्या खात्यात. तीन वर्षं पेट्यांना पट्ट्या मारतेय. आज बारा वाजता चाखणाऱ्यांची परीक्षा आहे. चाळीस पेले ओळीनं मांडतात. एकेक चमचा तोंडात घ्यायचा, थुंकायचा आणि सांगायचं, कुठल्या बागेचा, कुठल्या तोडणीचा, जास्त भाजलाय का, ओल लागलीय का. पंचवीस बरोबर आले तर वरच्या मजल्यावर जागा. चोवीस आले तर परत पट्ट्या.

ड्रायव्हर : मग मळमळीची गोळी घ्यायची.

मुलगी : गोळीनं तोंडाला कोरड पडते. आलं नाही, लिंबू नाही, बडीशेप नाही. दोन दिवस मीठसुद्धा बेतानं खाल्लंय. आणि ओकारी आली तर संपलंच. घसा जळतो, जीभ दिवसभर मेल्यासारखी होते. गेल्या वर्षी हेच झालं. जाताना मस्त सुलटी सीट मिळाली म्हणून खूश होते. जंक्शननंतर तीच उलटी झाली. उतरायला दहा मिनिटं होती तेव्हा ओकले. चाळीसातले अकरा आले. अकरा! साहेब म्हणाले, तुझ्यापेक्षा चहावाल्याचं मांजर बरं ओळखेल.

ड्रायव्हर : साहेब विनोदी दिसतो.

मुलगी : यंदा वयाची शेवटची संधी आहे. पुढच्या वर्षी अर्जच घेत नाहीत. म्हणून यंदा आधी उलटी बसायचं ठरवलं. पुढचा दीड तास सुलटी मिळेल, तोवर तोंड ताळ्यावर येईल. पण हा पहिला तास नुसती वळणं आहेत हो. मला तेवढा दम नाही निघणार. जंक्शन आलं की मी आपणहून उठेन, मला माझीच सीट पाहिजे पुढे.

ड्रायव्हर : आणि तोवर माझ्या खिडकीत ओकलीस तर?

मुलगी : सुलटी बसले तर ओकणार नाही, तेच तर सांगतेय!

ड्रायव्हर : ते तू सांगतेस. तुझं पोट काय सांगतं ते मला तुझ्या तोंडावर दिसतंय. ती सीट मी सकाळी ओल्या रुमालानं पुसलीय. वर नवा टॉवेल अंथरलाय. हात लावू नकोस पिशवीला!

मुलगी : गाढवापुढे वाचली गीता. टीसीला बोलावते.

ड्रायव्हर : बोलाव. दोन्ही तिकिटं माझ्या खिशात आहेत. एक माझं, एक जंक्शनला चढणाऱ्या माणसाचं. शिक्का आहे, नंबर आहे.

मुलगी : कोण एवढं मोठं चढणार आहे? टॉवेल काय, रुमाल काय!

ड्रायव्हर : बायको.

मुलगी : मग तिला आल्यावर द्या ना खिडकी. मी तिच्या मांडीवर बसणार आहे का?

ड्रायव्हर : आली तर चढेल.

मुलगी : आली तर?

ड्रायव्हर : तुला काय करायचंय? तोंड मीट आणि लांब कुठेतरी बघ. गाडी लागली की लांब बघायचं असतं.

मुलगी : उलटं बसून लांब बघितलं की जास्त लागते. एकतीस वर्षांत एवढंही कळलं नाही?

ड्रायव्हर : नाही कळलं. बायकोही हेच म्हणाली.

मुलगी : म्हणजे भांडून गेलीय.

ड्रायव्हर : तीन महिने झाले. भावाकडे आहे. फोन भाऊच उचलतो. परवा म्हणाला, ताई जंक्शनला येईल, पण घरी येईल असं काही बोलली नाही. म्हणून तिकीट काढून ठेवलं, भावाला डबा आणि सीट नंबर कळवला. बसनं नाही, रेल्वेनं. आयुष्यात पहिल्यांदा रेल्वेचं तिकीट काढलं मी. खिडकीवर त्या माणसाला तीनदा सांगितलं, जिकडे गाडी जाते तिकडे तोंड करून पाहिजे, खिडकीची पाहिजे. तो म्हणाला, तोंड कुठे करायचं ते तुम्ही ठरवा. घर पुढे आहे, पण सीट राखायला काल बसनं इकडे येऊन राहिलो, सकाळी प्लॅटफॉर्मवर तासभर आधी गेलो, इंजिन कुठल्या टोकाला आहे ते बघितलं आणि मगच बसलो. नशीब, सीट बरोबर निघाली.

मुलगी : तिलाही गाडी लागते?

ड्रायव्हर : लग्नापासून. म्हणून एकतीस वर्षं माझ्या बसमध्ये पाय ठेवला नव्हता तिनं. शेवटच्या फेरीला मीच हट्टानं आणली. म्हटलं, उद्यापासून घरी बसणार आहे, एकदा बघ तरी तुझा नवरा गाडी कशी चालवतो. पुढच्या सीटवर बसवली. डोंगर लागला आणि तिनं मागून हाक मारली, अहो, थांबवा. दोनदा मारली.

मुलगी : आणि?

ड्रायव्हर : एकतीस वर्षांत गाडी कधी उशिरा नेली नव्हती. शेवटच्या दिवशी नेऊ?

मुलगी : थांबवली नाहीत.

ड्रायव्हर : पाच मिनिटांवर नाका होता. तिला तेवढा दम निघाला नाही. सगळं अंगावर, सीटवर, कंडक्टरच्या बुटांवर. लोक नाकाला रुमाल लावून ओरडायला लागले. कंडक्टर नवा होता. चिडून म्हणाला, कोण आहे ही बाई?

मुलगी : तुम्ही काय म्हणालात?

ड्रायव्हर : माझं लक्ष रस्त्यावर होतं.

मुलगी : काय म्हणालात, काका?

ड्रायव्हर : म्हटलं, असेल कुणी पॅसेंजर.

मुलगी : वा.

ड्रायव्हर : तोंडातून गेलं. तिनं ऐकलं. डेपोत पोचलो, हारतुरे झाले, मी वळून बघितलं तर ती नव्हती. घरी चिठ्ठी. मी पॅसेंजर, माझा स्टॉप आला. एवढंच.

मुलगी : बरं केलं तिनं. मी असते तर चिठ्ठीही ठेवली नसती.

ड्रायव्हर : तुला विचारलं नाही कुणी.

मुलगी : विचारायला तुम्हाला येतंच कुठे? बाजूला व्हा, मला बेसिनकडे जायचंय.

ड्रायव्हर : आली का?

मुलगी : नाही! येऊ देणार नाही. तुमच्या नाकावर टिच्चून येऊ देणार नाही. जंक्शन येईपर्यंत दारात उभी राहते. पाय आवरा!

(जंक्शन. गाडी थांबते. काही वेळानं डब्याला एक धक्का बसतो.)

ड्रायव्हर : काय झालं? काय आपटलं?

मुलगी : इंजिन सुटलं. आता पलीकडच्या टोकाला लागेल. सरका, बसू द्या मला माझ्या जागेवर.

ड्रायव्हर : पलीकडच्या? म्हणजे गाडी आली तशीच माघारी जाणार?

मुलगी : थोडी माघारी, मग दुसऱ्या रुळानं पुढे. आता माझं तोंड पुढे आणि तुमची टॉवेलवाली खिडकी उलटी.

ड्रायव्हर : अरे देवा. मग आधी का नाही सांगितलंस?

मुलगी : चोराच्या उलट्या बोंबा! मघाशीच सांगितलं होतं. जंक्शनला गाडी उलटी होते. तुम्ही म्हणालात, शुभ बोल.

ड्रायव्हर : मला वाटलं... पोरी, ऐक. ती बघ, त्या खांबापाशी उभी आहे. निळी छत्री. आलीय. खरंच आलीय! तू इकडे ये, तिला तिथे बसू दे. पाया पडतो तुझ्या.

मुलगी : तासभर तुमची पिशवी सुलटी बसली. मी दारात दांडा धरून उभी होते, थुंकी गिळत. आत्ता कुठे पोट जागेवर येतंय. माझी परीक्षा आहे, काका.

ड्रायव्हर : तुझी परीक्षा पेल्यांची. माझा संसार आहे!

मुलगी : तो तुम्ही नाक्यापाशी सोडलात. मी नाही.

ड्रायव्हर : मग यांना उठवतो. ओ साहेब! ओ पेपरवाले!

मुलगी : त्यांनी मघाशी एक डोळा उघडून परत मिटला. ते उठणार नाहीत, गुडघा आहे त्यांना.

बायको : इथेच का? सव्वीस नंबर?

ड्रायव्हर : आलीस? ये, ये. इथेच. सामान कुठे आहे तुझं?

बायको : भावाकडे. आधी बघायला आले. ही खिडकी माझी? टॉवेल कुणी अंथरला?

ड्रायव्हर : मीच. म्हणजे, काय झालंय, गाडीचं तोंड बदललं. मला माहीत नव्हतं. खिडकी सुलटी होती इथपर्यंत, शपथेवर सांगतो. हिला विचार.

बायको : काय गं पोरी, तुझं तोंड असं पांढरंफटक का पडलंय?

मुलगी : काही नाही काकू. इथे तासभर उलटी होते. म्हणजे, उलटी बसले होते. मग दारात.

बायको : गाडी लागते तुला?

मुलगी : हो.

बायको : आणि या खिडकीत कोण होतं तासभर?

मुलगी : पिशवी.

बायको : हिनं मागितली नाही जागा?

ड्रायव्हर : मागितली. पण तुझ्यासाठी राखली होती. कुणाला बसू दिलं नाही मी. कुणाला म्हणजे कुणालाही नाही.

बायको : किती वेळा मागितलीन?

ड्रायव्हर : तीनदा.

बायको : मी दोनदाच हाक मारली होती.

ड्रायव्हर : अगं, ही कोण, कुठली! तू माझी...

बायको : म्हणजे मी तुमची म्हणून टॉवेल, आणि ही कुणाची नाही म्हणून दारात. मला तुम्ही घरची समजत नाही म्हणून मी निघून गेले असं वाटलं तुम्हाला? समोरचं माणूस ओकायला आलंय हे दिसत असून तुम्ही गाडी थांबवत नाही, म्हणून गेले मी. आज माझ्या नावानं या पोरीला तेच केलंत.

ड्रायव्हर : मी... मला वाटलं, तुला आवडेल.

मुलगी : काकू, तुम्ही बसा इथे. मी येते तिकडे. खरंच. मला आता एवढं नाही वाटत. परीक्षेपर्यंत बरं वाटेल.

बायको : खोटं बोलू नकोस, ओठ बघ तुझे. कसली परीक्षा आहे?

मुलगी : चहा चाखायची. बारा वाजता.

बायको : मग जागची हलू नकोस. खिडकी उघड, मान टेक, समोर लांब बघ. बोलू नकोस आमच्याशी. आणि तुम्ही, तो टॉवेल काढा. पाहुणी नाही मी.

ड्रायव्हर : तुला लागेल गं उलटं बसून. आपण उतरू या का? पुढच्या गाडीनं जाऊ. टॅक्सी करू.

बायको : माझ्या भावानं इथवर सोडलंय. परत जायची गाडी पुढच्या स्टेशनावरूनही मिळते.

ड्रायव्हर : मिळते. साडेअकराला.

बायको : बघितलीत वाटतं.

ड्रायव्हर : बघून ठेवली होती. म्हटलं, तुला लागली तर.

बायको : चालली गाडी. पिशवी रिकामी करा.

ड्रायव्हर : कशाला? तुझी चप्पल आहे त्यात, घरची. आणि चष्मा.

बायको : ते मांडीवर घ्या. पिशवीचं तोंड उघडून माझ्यासमोर धरा.

ड्रायव्हर : अशी?

बायको : थोडी वर. लोक बघतायत.

ड्रायव्हर : बघू देत.

बायको : बोलू नका. लक्ष पिशवीवर असू द्या.