तेलाची चिंधी

नाही नाही, ओलं फडकं अजिबात नको – आणि साबणाचं तर नावही काढू नका, ताई. स्टुलाचा हा काळा रंग नाहीये, कोळसाच आहे वरचा. आधी लाकूड वरवर जाळायचं, मग ब्रशनं खरवडायचं, मग जवसाचं तेल – ही ह्यांची पद्धत. धूळ बसली की मऊ ब्रशनं झटका, रेषेरेषेनं, आडवं नाही. घासू नका. घासायची हौस असेल तर भांडी आहेतच की घरात! – हसा, हसा. या घरात हल्ली कुणी हसत नाही. हे ह्यांच्या हातचं शेवटचं स्टूल. ह्यांच्या कामाच्या शेडला आग लागली त्यात सगळं गेलं, हे गेले, आणि जाळून ठेवलेले सहा नग कोपऱ्यात तसेच उभे. एकदा होरपळलेलं लाकूड लवकर पेट घेत नाही, हे म्हणायचेच. माणसाचं तसं नसतं हो.

वर्षातून एकदा तेल, अगदी पातळ हात. आणि – बाकीचं विसरलात तरी चालेल, हे ऐका – तेलाची चिंधी चुरगळून टाकू नका. घडीही नको. बाहेर दोरीवर मोकळी पसरा, नाहीतर पाण्यात बुडवा. का म्हणजे? आपोआप पेटते. काडी नको, ठिणगी नको – आतल्या आत तापत जाते नि पेटते. हे रोज पसरायचे चिंध्या, दारावर, खिडकीवर. मला मेलीला तो पसारा बघवायचा नाही. त्या दिवशी उपास माझा, देवासाठी सगळं लख्ख हवं – शेड झाडली, चिंध्यांच्या घड्या घातल्या, टोपलीत रचल्या, वर झाकण. केवढी टापटीप! हे जेवून तिथेच आडवे झाले.

धाकटे भावजी तिथे बिडी ओढायचे. सगळे म्हणाले, बिडीच. त्यांनाही वाटलं, आपलीच असेल – आईंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, पाय धरले त्यांनी. सासूबाईंनी घराबाहेर काढलं. चार वर्षं झाली. मी? मी तोंडाला कुलूप लावून उभी. मला तरी कुठे माहीत होतं तेव्हा – नाही, खोटं कशाला बोलू, टोपलीची जागा सगळ्यात काळी होती, मी पाहिली होती. पुढे एका रंगाऱ्यानं चिंध्यांचं सांगितलं, तेव्हा खात्री झाली, एवढंच. तेव्हापासून व्रत धरलंय – वस्तू नेणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं, चिंधी पसरा. पाच जणांना सांगितलं. टोपलीचं मात्र कुणालाच – तुमच्यापाशी कसं निसटलं? देवापुढे बसले की आधी तो तेलाचा वास येतो, मग फुलांचा. तरी वाटतं, देव एक दिवस बळ देईल, भावजींना हाक मारीन –

काय? माझ्यामागे कोण?

... आई? कधीपासून उभ्या आहात?

ताई, स्टूल उचला, निघा तुम्ही. निघा म्हणते ना! – आई, बसा. असं बघू नका माझ्याकडे... भावजींचा पत्ता आहे माझ्याजवळ. पहिल्यापासून आहे.