फक्त औषधासाठी

— अहो नाही ताई, बसा ना, त्या खुर्चीचा एकच पाय लंगडा आहे, भिंतीला टेकून बसलात की काही होत नाही. घ्या, आधी पाणी घ्या. संस्थेच्या कामाला बाहेर पडायचं आणि तेही असल्या उन्हात — चेहरा कसा लालबुंद झालाय तुमचा. गार आहे ना? — नाही, म्हणजे — नळाचंच आहे. आमच्या नळाला गारच येतं. सावलीत आहे ना नळ. फ्रिजमधलं कशाला असेल? फ्रिज तुम्ही दिलात तो माझ्या चिऊच्या इन्शुलिनसाठी, तुमच्या लोकांनी दारावर चिकटवलंयच की, 'फक्त औषधासाठी', आणि शेजारी दात्यांच्या मातोश्रींचा फोटो. सकाळी डोळे उघडले की पहिल्या त्याच दिसतात. माझ्या सासूबाईंचा फोटो नाही घरात, त्या अजून रुसून बसल्यात.

उघडून बघायचाय? बघा की, पळून चाललाय का तो. आधी पेला संपवा. हे कामावर जाताना बजावून गेलेत मला — तपासणीला कोणी आलं तर हो-नाही एवढंच बोल, तू तोंड उघडलंस की फ्रिज गेला समज. म्हणून मी बोलतच नाहीये. तुम्हीच विचारा काय ते.

एक विचारू? गल्लीच्या तोंडाशी टेम्पो उभा आहे, आत दोन माणसं दोरखंड घेऊन बसलीत, ती तुमच्याबरोबर आलीत का? — नाही, सहज. मागच्या महिन्यात कोपऱ्यावरच्या शिंपीमास्तरांकडे असाच टेम्पो आला होता. त्यांनाही साखरेचा आजार, त्यांनाही तुम्हीच फ्रिज दिलेला. आणि तपासणीत सापडलं काय, तर सुनेने ठेवलेला उरलेल्या जेवणाचा डबा! झालं. डब्याला काही आजार नव्हता, म्हणून नेला फ्रिज. मग पत्र्याखाली औषधाची कुपी तापली, सुई टोचून टोचून हात चाळणी झाला तरी साखर उतरेना, मास्तर थेट दवाखान्यात. तिथे त्यांना भेटायला फळं घेऊन कोण गेलं असेल? तुमचीच माणसं! खोटं नाही सांगत, फोटो काढलाय. आता? आता बरे आहेत की, औषध गार असतं ना त्यांचं, इथे — म्हणजे कुठेतरी ठेवत असतील. मला काय माहीत? मी माझ्या इस्त्रीत असते.

अजून एक पेला हवाय? घ्या की. काय म्हणालात? कुटुंबाची आर्थिक सुरक्षितता? वाढली की! फार वाढली. मागच्या खेपेला तुमचे एक दादा आले होते, त्यांनीही हेच विचारलं. मी म्हटलं, म्हणजे काय हो? तर म्हणाले, तुम्हाला निवांत झोप लागते का? म्हटलं, लागते, फ्रिज जरा घरघरतो एवढंच. तेवढं त्यांनी लिहून घेतलं नाही.

पण खरं सांगू का, झोप लागते ती खरीच. पूर्वी बेकरीत पहाटेच्या पाळीला जायचे मी, पाव बांधायला. हे तेव्हा रात्रीचे रखवालदार, ते यायच्या आत मला निघावं लागायचं. मधल्या वेळात चिऊ एकटी. एकदा वाटेतून परत फिरले, चावी विसरले म्हणून, तर पोर अंथरुणात घामाने चिंब, हाक मारली तर डोळे नुसते फिरवतेय. साखर उतरलेली. मी चावी विसरले नसते तर — जाऊ द्या. आता नाही जात पाळीला. सोडली. पोर उठते तेव्हा मी घरात असते.

मग यांच्या एकट्याच्या पगारात घर कसं चालतं? इस्त्रीवर चालतं. आता एवढ्याशा इस्त्रीवर कुठलं चालायला, ते तुम्हालाही कळतंय म्हणा. — फुलवाली देते थोडं. — का म्हणजे? चांगली बाई आहे. — अहो, उगीच कोण देईल! तिचे न विकलेले गुच्छ ठेवते मी, नाहीतर तिचा अर्धा माल सकाळपर्यंत मान टाकायचा. कुठे ठेवते म्हणजे — ताई, तुम्ही शिकलेल्या आहात, फुलं कुठे ठेवतात? मागच्या खेपेला तेच दादा म्हणाले, तुमच्या घरात किती छान वास येतो. मी म्हटलं, हो, स्वच्छता.

आता बोललेच आहे तर ऐका. मास्तरांची कुपी माझ्याकडेच आहे. वरच्या मजल्यावर बाळंतीण आहे, तिला गिरणीत लवकर कामावर जावं लागलं, नाहीतर जागा गेली असती. बाळाला पावडरचं पातळ पाणी पाजत होते, ते सुकत चाललं होतं. आता ती आपलं दूध काढून बाटलीत ठेवून जाते, तिची जाऊ खाली येऊन घेऊन जाते. तिची नोकरी राहिली, बाळाच्या गालाला खळी पडायला लागलीय. आणि वीज गेली की मी माझी स्वतःची गोधडी त्या फ्रिजवर टाकते, दात्यांच्या मातोश्रींसकट. आम्ही उकडत बसतो, मातोश्री गोधडीत.

अहो, तुमच्याच सभेत ते मोठे साहेब माइकवर म्हणाले नव्हते का — एका घराला आधार दिला की शेजारची चार घरं सावरतात? आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वेडीला वाटलं, ते खरंच बोलतायत! आता घरं सावरली, तर म्हणे नियम मोडला. म्हणजे आधार घ्यायचा, पण त्याला टेकायचं नाही? चिऊचा हसरा फोटो पाहिजे, हातात सुई घेतलेला, तो देते की मी. पोरगी आता शिकलीय, तुमची गाडी दिसली की केस विंचरते.

उघडता? उघडा. हळू, रबर सैल झालंय. हा वरचा कप्पा चिऊचा, त्याला कोणी बोट लावत नाही, फुलवालीसुद्धा नाही. दारात मास्तर. मधे बाळाची बाटली. खाली गुच्छ. आणि ती पाण्याची बाटली — अर्धी — हो. तीच. तुम्ही प्यायलात ते त्यातलंच. दुसरा पेला तर तुम्ही मागून घेतलात, मी आग्रह नव्हता केला.

हसताय काय? मारा हाक टेम्पोवाल्यांना, मी आडवी येणार नाही. फक्त एवढं करा, ज्याचं त्याला तुमच्या हाताने देऊन या. कुपी मास्तरांना, बाटली वर. चिऊचं औषध चिऊच्या हातात द्या, येईलच आता शाळेतून, आणि सांगा तिला कुठे ठेवायचं ते. मी नाही सांगणार.

काय? — लाभार्थी किती लिहू? मला विचारता? तुम्हाला धरून लिहायचे की सोडून?

बरं, ते सावकाश ठरवा. आधी दार लावा ताई. गारवा जातोय.