नोंदणीचा मेसेज

जळतो म्हणा मला, चालंल. चुलतभाऊ बापूनं पहिली जीप घेतली तवा त्याचा मोबाईल बिघडलेला, म्हणून आरटीओच्या ऑनलाइन फॉर्मात त्यानं माझा नंबर टाकला, अन् पुढंबी तोच देत राहिला. आता त्याच्या चार गाड्या नेकनूर-बीड पळतात आणि दरवेळी मेसेज मला येतो, 'आपल्या वाहनाची नोंदणी झाली आहे.' पोटात दुखतं राव.

आधीचे मेसेज बायकोला कधी दाखवलेच नव्हते, पण परवा मोबाईल घरीच राहिला आणि पाचवा मेसेज तिनं आधी वाचला. मी जुन्या लुनावर घरी आलो, तर ही नारळ, हळद-कुंकवाचं ताट घेऊन दारात उभी.

"नवी गाडी कुठं हाय?"

"बापूच्या दारात."

तिनं ताट माझ्याच हातात दिलं. गेलतो मग पूजेला. बापू म्हणला, "दादा, तुमचा नंबर लई लाभतो. सहावी बी ह्याच्यावरच घेतो."