हॅलो जातो, यादी जात नाही

(दुपारचे अडीच. सून ऑफिसातून बोलते आहे; निवृत्त होण्याआधी सासरेही तिथेच होते. घरी सासऱ्यांनी फोन स्पीकरवर ठेवला आहे.)

सासरे : ...म्हणून मी कायम सांगायचो, राउटरला हात लावण्याआधी डोकं लावावं. पण डोकं असेल तर ना! काय दिवे लावले त्या ठोंब्याने?

सून : बाबा, गोदामातला राउटर जळलाच होता. सोमवारी तिथल्या टेक्निशियननी नवा लावला. आणि तेव्हापासून गोदाम आणि हेड ऑफिस यांना नेटवरून जोडणारा टनेल...

सासरे : तुटला.

सून : नाही ना! तुटला असता तर बरं झालं असतं. टनेल उभा आहे. दोन्हीकडचे राउटर एकमेकांना दर दहा सेकंदांनी हॅलो म्हणतात, शेजारी म्हणून ओळखतातही. पण डेटा कुठून न्यायचा त्या रस्त्यांची यादी एकमेकांना द्यायची वेळ आली की अडकतात. दोनेक मिनिटं तसेच लटकतात, मग शेजार मोडतो. परत पहिल्यापासून हॅलो. आज चौथा दिवस.

सासूबाई : सूनबाई का? जेवलीस का गं?

सून : हो आई.

सासूबाई : खोटं बोलतेस.

सासरे : तू गप्प बस जरा. इथे कामाचं चाललंय.

सासूबाई : स्पीकरवर तुम्ही टाकलंत. मी मटार सोलतेय, कान काय फ्रीजमध्ये ठेवू?

सून : असू दे बाबा, ऐकू दे त्यांना. काल साहेबांनी तुम्हाला फोन केला होता ना?

सासरे : केला होता. करणारच. बावीस वर्षं मी ते सगळं उभं केलं, अजून एक केबल हलली की माझी आठवण होते. आत्ताचे तुमचे लोक! खुर्चीत बसून पाट्या टाकतात नुसत्या.

सून : काय सांगितलंत त्यांना?

सासरे : सरळ सांगितलं. नवा राउटर लावल्यावर बिघडलं, म्हणजे लावणाऱ्याने बिघडवलं. यात तपासायचं काय? तो अकरा वर्षांपूर्वी आला तेव्हाच मी ओळखलं होतं, हे ध्यान आहे. काढून टाका म्हटलं.

सून : साहेबांनी ते लिहून घेतलंय.

सासरे : घ्यायलाच पाहिजे.

सून : चार वाजता बैठक आहे. त्यांना काढायचं पत्र टाइप होऊन टेबलावर पडलंय. त्यात पहिलंच वाक्य आहे, 'ज्येष्ठ तज्ज्ञांच्या स्पष्ट मतानुसार'.

सासूबाई : ज्येष्ठ तज्ज्ञ! बाथरूमचा नळ तीन महिने गळतोय घरात.

सासरे : नळाचा इथे संबंध काय?

सासूबाई : त्यालाही तुम्ही लावणाऱ्याचीच चूक म्हणाला होतात. म्हणून आठवलं.

सून : बाबा, तुम्हाला नुसतं विचारतेय. चूक त्यांची नसेल तर?

सासरे : कोणाची असेल मग? माझी? बरं, तुझ्या समाधानासाठी बघू. हॅलोची वेळ दोन्हीकडे तीच आहे? एकीकडे दहा आणि एकीकडे तीस केलं असेल बघ त्या महाभागाने.

सून : दहा आणि दहा.

सासरे : एरियाचा नंबर? तोही दोन्हीकडे एकच लागतो.

सून : एकच.

सासरे : पासवर्ड? शेवटी एखादी स्पेस टाकली असेल. हे लोक स्पेसबार कोपराने दाबतात.

सून : पासवर्ड चुकला असता तर शेजारी दिसलेच नसते बाबा. तुम्हीच शिकवलंय.

सासरे : हां. ते लक्षात ठेवलंस, नशीब. टनेलचा प्रकार?

सून : दोन्हीकडे सारखा. त्यांनी एक अक्षर वेगळं टाकलेलं नाही. गोदामात तुमच्या हातचा कागद आहे ना, शाईने लिहिलेला, त्याच्यावरून ओळ न् ओळ टाकलीय. तो कागद त्यांनी प्लॅस्टिकमध्ये घालून भिंतीवर लावलाय.

सासरे : कुठला कागद?

सून : वर लिहिलंय, 'यात नाही ते टाकायचं नाही. डोकं चालवू नये.' खाली दोन रेघा मारल्यात.

सासूबाई : हे मात्र अगदी यांचंच.

सासरे : बरोबरच आहे! नसलेलं डोकं चालवून काय होणार? बरं, ते सोड. पिंग केलंस? लहानमोठी पाकिटं पलीकडे पाठवून बघितलीस?

सून : केलं. शंभर बाइटचं पाकीट जातं. हजारचं जातं. चौदाशेचं जातं. साडेचौदाशेचं जात नाही.

सासरे : जात नाही?

सून : दहापैकी दहा हरवली.

सासरे : अगं मग झालं की! चार दिवस काय झोपा काढत होता का तुम्ही? साइज! हॅलो असतो चिमूटभर, तो जातो. यादी असते जाडजूड, ती अडकते. एवढं साधं कळत नाही आणि बैठका घेतात.

सासूबाई : म्हणजे काय झालं?

सासरे : तुला काय करायचंय?

सासूबाई : एका माणसाचं पोट जातंय ना तुमच्या शब्दावर? मग मलाही कळू दे.

सासरे : टनेलमधून जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर कुलूपबंद वेष्टन चढतं. तेवढी जागा कमी होते. म्हणून दोन्ही टोकांना आधीच सांगून ठेवायचं, बाबांनो, यापेक्षा मोठं पाकीट बांधू नका. नाहीतर आपलं कपाट जिन्यात अडकलं होतं तसं होतं. झालं समाधान?

सासूबाई : ते कपाटही तुम्हीच मोजलं होतं.

सून : बाबा, गोदामाकडे साइज चौदाशे आहे. तुमच्या कागदात आहे तशीच. हेड ऑफिसकडे चौदाशे शहात्तर.

सासरे : वेगवेगळी? शक्य नाही.

सून : समोर स्क्रीनवर आहे.

सासरे : अगं, वेगवेगळी असली तर शेजार पहिल्याच पायरीवर अडतो. राउटर बोंब मारतो, साइज जुळत नाही म्हणून. मग इतकी वर्षं चाललं कसं?

सून : हेड ऑफिसच्या राउटरवर एक ओळ आहे. साइज जुळली नाही तरी दुर्लक्ष कर, अशी.

सासरे : काय?

सून : आहे.

सासरे : कोण गाढव आहे तो? राउटर घसा फोडून सांगतोय की इथे चूक आहे, आणि या शहाण्याने चूक दुरुस्त करायची सोडून त्याच्या तोंडात बोळा कोंबला! याला काम म्हणतात? दोन मिनिटं लागतात साइज सारखी करायला. दोन मिनिटं! आमच्या वेळी असल्या माणसाला मी माझ्या टेबलासमोर उभा करायचो. तासभर. खुर्ची द्यायची नाही, पाणी विचारायचं नाही.

सून : अजूनही तसंच करतात. तुमचीच पद्धत चालू आहे.

सासरे : चांगलं आहे. तेवढं तरी शिकले.

सून : पण बाबा, ती ओळ असताना इतकी वर्षं सुरळीत चाललं. सोमवारीच का बिघडलं? तेवढं सांगा मला.

सासरे : त्यात सांगायचं काय? सुरुवातीला यादीच केवढी होती? आठ-दहा रस्ते. छोट्या पाकिटात मावायची. पुढे ऑफिसं वाढली, रस्ते वाढले, पण ते एकेक करून. दरवेळी नवीन तेवढंच कळवायचं, तेही छोटंच. शेजार मोडलाच नाही, त्यामुळे सगळी यादी एकदम पाठवायची वेळच आली नाही. सोमवारी नवा राउटर आला, कोरा. त्याने सगळी यादी एकदम मागितली. हेड ऑफिसने गलेलठ्ठ पाकिटं बांधून पाठवली, ती वाटेतच पडली. हाय काय आणि नाय काय!

सून : म्हणजे गोदामाच्या बाजूने काही चुकलं नाही.

सासरे : त्या बाजूने... नाही. गोदामाची साइज बरोबर आहे.

सून : नवा राउटर दुसऱ्या कोणी लावला असता तर?

सासरे : तरी हेच झालं असतं.

सून : तुम्ही लावला असता तर?

सासरे : हो, मी लावला असता तरी! कितीदा वदवून घेशील? बरं, तो ठोंब्या सुटला यातून. नशीबवान आहे. आता ती ओळ टाकणाऱ्याला शोध. नोंदवहीत बघ, प्रत्येक बदल सहीसकट लिहायचा असा नियम मीच केला होता.

सून : नोंदवहीत नाहीये.

सासरे : बघ! वर चोरटेपणा. नोंदही केली नाही.

सून : मी राउटरच्या जुन्या कॉप्या काढल्या. रोज रात्री आपोआप निघतात त्या. नऊ वर्षांपूर्वीची तीन तारखेची काढली, तिच्यात ती ओळ नाही. चार तारखेच्या कॉपीत आहे.

सासरे : म्हणजे चार तारखेला केलं. कोणता महिना?

सून : बाबा, चिमीचा वाढदिवस.

सासूबाई : अगं बाई. चिमी झाली तो दिवस? तो कसा विसरेन मी! तू आत कळा देत होतीस, आणि हे दवाखान्याच्या जिन्यात मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेले. नर्स दोनदा ओरडून गेली, वाट सोडा म्हणून. मी म्हटलं, अहो, आज तरी ठेवा ते. तर म्हणाले, दोन मिनिटं थांब, गोदामवाले बोंबलतायत. आणि मग बाळ बघायला आले तेव्हा काय छाती फुगवून सांगत होते सगळ्यांना, एका ओळीत गप्प केला म्हणून. तीच का गं ती ओळ?

सून : हो आई.

सासरे : तुला कधीपासून माहीत आहे हे?

सून : सकाळी साडेनऊपासून.

सासरे : आणि मला इतका वेळ बडबडू दिलंस. गाढव म्हणू दिलंस.

सून : मी सांगितलं असतं तर तुम्ही मानलं असतंत? माझीच उलटतपासणी केली असतीत. म्हटलं, तुमचं तुम्हीच शोधून काढा. तुमच्याएवढं लवकर कोणी काढलंही नसतं.

सासरे : लोणी लावू नकोस. मी नंतर नीट करणार होतो ते. दुसऱ्या दिवशी जाऊन साइज सारखी करणार होतो. मग पोरीचं बारसं, मग... राहूनच गेलं. चालत होतं ना सगळं.

सासूबाई : नळासारखं.

सासरे : तू साइज सारखी कर आधी. दोन्हीकडे चौदाशे. ती ओळ काढ. गोदाम चालू होईल, मग बैठक कशाला घेतायत? विषयच संपला.

सून : विषय संपत नाही बाबा. साइज बदलायची परवानगी मी मागितलीय, चारनंतर मिळेल. पण पत्र तयार आहे. साहेबांना कोणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायचंच आहे. मी सांगितलं तर म्हणतील, ही कालची मुलगी, आणि ज्येष्ठ तज्ज्ञ काय म्हणतात ते बघा. तुमच्या वाक्यापुढे माझं कोणी ऐकणार नाही. तुम्हालाच ते परत घ्यावं लागेल.

सासरे : काल इतकं ठासून सांगितलंय. आता कुठल्या तोंडाने बोलू?

सासूबाई : कालच्याच. दुसरं कुठाय तुमच्याकडे?

सासरे : तुला गंमत वाटतेय? बावीस वर्षांचं नाव आहे माझं तिथे.

सासूबाई : गंमत नाही वाटत. लाज वाटतेय. तुम्हाला काय जाणार आहे? पेन्शन चालू राहील. लोक दोन दिवस हसतील. त्या माणसाने काय करायचं, तुमचा कागद प्लॅस्टिकमधून काढून चावायचा?

सून : आई...

सासूबाई : नाही, बोलू दे मला. अकरा वर्षं त्याला ठोंब्या म्हणताय. तोही तुमचं अक्षर देवासारखं भिंतीला लावून बसलाय, वेडाच.

सासरे : ...त्याने काही सांगितलं नाही? की मी कागदाप्रमाणेच केलं म्हणून?

सून : सांगितलं. साहेब म्हणाले, मग कागद चुकीचा आहे का? तर ते म्हणाले, कागद चुकीचा असणार नाही, माझंच काहीतरी चुकलं असेल.

सासरे : मूर्ख आहे. शुद्ध मूर्ख आहे तो.

सून : बाबा, मी बैठकीत फोन टेबलावर ठेवणार आहे. चार वाजता तुम्हाला लावते. बोलाल ना?

सासरे : कोण कोण असेल?

सून : साहेब, मी, ऑफिसातले दोघं. आणि ते.

सासरे : तो उभा असेल?

सून : हो. टेबलासमोर.

सासरे : मग असं कर. आधी त्याला खुर्ची दे. बसला की मला फोन लाव.