पंगतीचे हात

(भिलई, कोहका. मराठी संमेलन काल पार पडलं, त्याच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. ओसरीत जेवणासाठी उसने आणलेले गंज, म्हणजे मोठी पातेली, अजून तसेच. केवलराम स्टील प्लांटमधून रिटायर झालेले, मराठी मंडळाचे सचिव; मनकर्णा त्यांची बायको; नीतू मुलगी.)

केवलराम : …म्हणून भाऊरावले सांगतो, पुढच्या वर्षीचा हॉल आजच धरा. अख्ख्या हॉलनं हात वर केले. नीतू, तू पाह्यलं न?

नीतू : पाह्यलं, बाबा.

केवलराम : मंग तोंड कावून पाडून बसली?

नीतू : थक गई हूँ. आठवडाभर लोकायले मेसेज टाकून राहिली होती.

मनकर्णा : पाय वर घेऊन बस. आन् तुमी, फोन लावाच्या आधी हे गंज कोणाकोणाचे ते सांगा. आणतानी तर लई घाई होती.

केवलराम : गंजाचं पाहू मंग. भाऊराव मंडळाचे अध्यक्ष झाले तवापासून एकच धरून बसले, संमेलन बंद करा, कोणी येत नाही. काल सोताबी आले नाही. आता सांगतो त्यायले. विषयच तसा होता, 'छत्तीसगडातली मराठी : उद्या काय?' लोकायले तळमळ आहे.

नीतू : बाबा, विषय मी टाकलाच नोता.

केवलराम : कुठं?

नीतू : मेसेजमध्ये. पहले डाला था, तुमचं पूर्ण निमंत्रण. कोणी अंगठाबी नाही दाखवला. मंग पाटोडीच्या रश्श्याचा फोटो टाकला, नीचे लिखा, 'सपरिवार पधारें'.

मनकर्णा : कोणाचा रस्सा?

नीतू : तुहाच. दिवाळीचा.

केवलराम : बरं, रश्श्यासाठी आले. पण बसले न? शेवटी मी माइकवर विचारलं, पुढच्या वर्षी संमेलन पाहिजे का, हात वर करा. त्यात रस्सा कुठं आला?

मनकर्णा : किती वाजले होते?

केवलराम : जेवणाची वेळच झाली होती.

मनकर्णा : आन् दरवर्षी जेवणाच्या आधी माइकवर येऊन हात वर कराले कोण लावते?

केवलराम : मीच. पंगतीले किती बसतीन ते पाहाले.

मनकर्णा : मंग.

केवलराम : मंग काय?

नीतू : शेजारच्या मोनूनं दोन्ही हात वर केले होते, बाबा. मैंने पूछा, तर म्हणे एक माहा, एक बायकोचा, ती गाडी लावून राहिली.

केवलराम : असन एखादा.

नीतू : कवडूकाका झोपेतून उठले, हात वर केला, फिर सो गए.

मनकर्णा : रात्रपाळी करून आले होते बिचारे. त्यायले काही म्हणू नको.

केवलराम : एकबी हात खाली नोता, मनकर्णा. माहा गळा भरून आला होता.

मनकर्णा : आमाले वाटलं, भूक लागली तुमाले.

नीतू : एक हात खाली होता. आईचा. दरवाज्यात उभी होती.

केवलराम : तुले नको आहे का संमेलन?

मनकर्णा : माह्या हातात परात होती.

केवलराम : परात नसती तर?

मनकर्णा : मले काय माहीत तिथं काय होते ते. तुमचे भाषणं चालतात तवा मी कढईपाशी. काल माइकवर 'उद्या काय, उद्या काय' ऐकू येऊन राहिलं होतं. मनात म्हटलं, उद्या भांडे.

नीतू : बाबा, फोन. भाऊरावकाका.

केवलराम : वाजू दे.

मनकर्णा : उचला. नाहीतर घरी येतीन, मंग चहा मांडा लागन.

केवलराम : काय सांगू त्यायले?

मनकर्णा : हॉल धरा म्हणा. आन् जेवण नाही, नुसता चहा.

केवलराम : लोक येतीन का मंग?

मनकर्णा : कमी येतीन.

केवलराम : आन् हात कोण वर करन?

मनकर्णा : मी बसन न समोर. आधी ऐकू तर द्या.