फाइलवर लिहा

बर दुबई भागातल्या दवाखान्यात कुमुद दुखरं पोट धरून बसली होती. मागच्या बाकावर दोन मराठी बायका बोलत होत्या.

“आपण सकाळपासून टोकन घेऊन बसलोय, आणि त्या सुदानी बाईला आधी नेलं.”

“भांडली ती. डॉक्टर म्हणाले, तुम्हा आफ्रिकन बायकांना एवढं दुखत नसतं, थांबा.”

“मग?”

“म्हणाली, हेच माझ्या फाइलवर लिहा आणि सही करा.”

“केली?”

“कोण करतंय. लगेच स्ट्रेचर आलं.”

“जळफळाट होतो गं नुसता.”

“तिच्या नंबराचा?”

“तिच्या तोंडाचा. मला डॉक्टर म्हणाले होते, इंडियन बायका फार सोशीक. मी खूश होऊन, थँक्यू म्हणून घरी गेले.”

“बाळ गेलं तेव्हा कितवा महिना होता?”

“सातवा.”

कुमुदनं पर्समधून पेन काढून हातात धरलं.